कोणत्या माउंटचा कॅमेरा घ्यावा? पेडणे-डिचोलीच्या व्हिडिओवाल्यासाठी एक आढावा

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात लग्नसराई आणि जत्रा एकाच वेळी सुरू होतात. पेडणे तालुक्यात व्हिडिओच्या कामावर घर चालवणाऱ्याला दुपारी आश्वे किंवा मांद्रेच्या किनाऱ्यावर परराज्यातून आलेल्या एखाद्या कुटुंबाचे लग्न टिपायचे असते आणि त्याच रात्री गावच्या देवळासमोरचा दशावतारी दहीकालो पहाटेपर्यंत चित्रित करायचा असतो. डिचोलीच्या माणसाकडे नव्या सोमवारची पालखी आणि रात्रभरच्या मैफली असतात, साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेच्या नौका असतात, वैशाखात शिरगावची लईराईची जत्रा असते. यातल्या पुष्कळांच्या मनात स्वतःचा लघुपट किंवा माहितीपट असतो, आणि त्याचे पैसे लग्नांतूनच उभे राहायचे असतात. एकाच माणसाला एकाच सामानात ही सगळी कामे बसवायची असतात. नवा कॅमेरा घ्यायच्या वेळी तो विचारतो, ‘कुठली बॉडी घेऊ?’ माझ्या मते त्याने आधी माउंट ठरवावे. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते. लेन्स नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे काम देते, आणि ती कोणत्या बॉडीवर बसेल हे माउंट ठरवते.

माउंट म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे एकमेकांत अडकतात ते धातूचे कडे. त्याच्यामागे चार गोष्टी असतात. कड्याचा व्यास ही पहिली. कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ही दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाचीही. धंद्यात त्याला फ्लेंज म्हणतात. तिसरी म्हणजे फोकस आणि अपर्चरचा निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या विजेच्या टिकल्या. चौथी डोळ्यांना दिसत नाही: त्या माउंटसाठी लेन्स बनवायची परवानगी कंपनी दुसऱ्यांना देते की नाही. लेन्स महाग मिळणार की परवडणारी, हे बऱ्याच अंशी या चौथ्या गोष्टीवर ठरते.

एक काळ असा होता की हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडची लग्ने पॅनासॉनिकच्या खांद्यावरच्या एम ९००० वर आणि नंतर एमडी १०००० वर टिपली गेली. या कॅमेऱ्यांची लेन्स अंगचीच असे, काढता येत नसे. एकच झूम मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत सगळे करी, फोकस बऱ्यापैकी सांभाळी आणि कॅसेट संपेपर्यंत चालू राही. चित्र सपाट येई, अंधारात दाणे दिसत, पण काम अडत नसे. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क २ आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात मोठ्या सेन्सरचा व्हिडिओ मिळू लागला. पाठीमागची गर्दी विरघळून नवरीचा चेहरा तेवढा उठून दिसतो, अशी चित्रे लोकांनी पाहिली आणि सगळ्यांना तीच हवी झाली. कॅननच्या ईएफ माउंटचा आपल्याकडचा जम त्या काळातला आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या माउंटच्या लेन्स आजही कितीतरी स्टुडिओंच्या कपाटांत आहेत.

पण त्या पहिल्या कॅमेऱ्यात एक क्लिप बारा मिनिटांच्या आसपास थांबत असे. चार जीबीची फाइल भरली की चित्रण बंद. मंगलाष्टके त्यात बसत, दहीकाल्याचे आख्यान बसत नसे. नंतरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांवर तीस मिनिटांची मर्यादा राहिली, आणि तिचे एक कारण युरोपातले जकातीचे नियम हे होते. त्या जकातीचा आपल्या देवळाच्या मांडाशी काही संबंध नसला, तरी संकासूर रंगात आलेला असताना कॅमेरा बंद पडायचा तो त्यामुळेही. दशावतारासारखी कला जपून ठेवण्याची इच्छा असलेल्यांनी त्या वर्षांत सुट्या लेन्सचा कॅमेरा आणि अखंड चालणारा कॅमकॉर्डर असे दोन्ही बाळगले. आजच्या बऱ्याच मिररलेस बॉडींत ही मर्यादा राहिलेली नाही, म्हणून एकाच माउंटवर सगळे काम बसवण्याचा विचार आता खऱ्या अर्थाने करता येतो.

माउंट निवडताना इथल्या जागा काय मागतात ते आधी पाहायला हवे, कारण परदेशी परीक्षणे ज्या उजेडात लिहिली जातात तो उजेड आपल्याकडे नाही.

दहीकाल्याचा मांड घ्या. दोन-चार दिवे, त्यांतले काही एलईडी, भडक रंगवलेले चेहरे, काळोखात बसलेले प्रेक्षक. बॉडीबरोबर मिळणारी स्वस्त झूम लांबच्या टोकाला एफ ५.६ वर येते. एफ २.८ ची झूम तिच्या चौपट उजेड आत घेते आणि एफ १.४ ची प्राइम सोळापट. हा फरक कोणतीही नवी बॉडी भरून काढत नाही. म्हणजे माउंटची पहिली कसोटी अशी: परवडेल अशा किमतीत एफ २.८ ची झूम आणि एफ १.४ ते १.८ च्या दोन-तीन प्राइम त्या माउंटमध्ये मिळतात का? दिव्यांबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवले तर लुकलुक बरीच कमी होते. कितीतरी जण २४ फ्रेमच्या मोहात हे विसरतात.

दुसरी कसोटी अंतराची. नट आणि भाविक यांच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभे राहणे बरे नव्हे, त्यामुळे प्रेक्षकांच्या मागे वीसेक मीटरवर तिपाई लावावी लागते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. वीस मीटरवरून २०० मिलिमीटरची लेन्स साडेतीन मीटरच्या आसपास रुंदी आणि दोन मीटर उंची टिपते, म्हणजे मुकुटासकट एक उभा नट चौकटीत नेमका बसतो. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर हेच काम १३० मिलिमीटरच्या लेन्सने होते आणि मायक्रो फोर थर्ड्‌सवर १०० मिलिमीटरच्याही किंचित आतल्या लेन्सने. सेन्सर लहान झाला की लेन्स आखूड, हलकी, स्वस्त होते आणि त्या बदल्यात अंधारात चित्र लवकर खरखरीत होते. ही देवाणघेवाण कुठलेही माउंट टाळू शकत नाही.

शिरगावला अंतर हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. लईराईचे धोंड पहाटेच्या सुमारास होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात, आणि एका बाजूला आगीचा लखलखाट तर दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख असतो. २०२५ च्या मे महिन्यात याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. तिथे रुंद लेन्स लावून गर्दीत घुसणारा कॅमेरावाला स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालतो. उंचावरच्या एका ठरलेल्या जागेवरून ७०-२०० सारख्या लांब झूमने काम करणे हेच योग्य, आणि तशी चांगली झूम त्या माउंटमध्ये मिळते का, हे विचारून घेतले पाहिजे. पेडण्याच्या पुनवेलाही, कोजागरीच्या रात्री भगवतीच्या देवळापुढे गर्दी दाटते तेव्हा, हाच नियम लागू आहे.

किनाऱ्यावरची दुपार याच्या नेमकी उलट. कडक उन्हात १/५० शटर ठेवून एफ २.८ वर चित्रण करायचे तर आयएसओ १०० लाही उजेड चौसष्टपट कमी करावा लागतो. लॉगमध्ये टिपणाऱ्या बऱ्याच बॉडींचा मूळ आयएसओ ८०० च्या घरात असतो, म्हणजे आणखी आठपट. त्यासाठी एनडी फिल्टर हवा. प्रत्येक लेन्सचा व्यास वेगळा असला की वेगवेगळे फिल्टर घ्यावे लागतात आणि वाऱ्यात ते चढवता-उतरवताना काचेवर वाळू बसते. या बाबतीत कॅननच्या आरएफ माउंटने खरोखर उपयोगी सोय केली आहे. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर लावण्याच्या त्यांच्या एका अडॉप्टरमध्येच एनडी फिल्टर सरकवून बसवता येतो, त्यामुळे एकच फिल्टर सगळ्या ईएफ लेन्सना चालतो. किनाऱ्यावरची लग्ने हेच ज्याचे मुख्य काम आहे त्याने या एका गोष्टीसाठीही आरएफचा विचार करावा.

आता माउंट एकेक करून पाहू. सगळ्यांना सारखी जागा देत नाही, कारण सगळ्यांची इथली गरज सारखी नाही.

सोनीचे ई माउंट २०१० मध्ये आले आणि २०१३ मध्ये पहिल्या ए ७ बरोबर फुल फ्रेमवर गेले. त्याचे फ्लेंज अंतर १८ मिलिमीटर आहे. त्याच्या यशाचे मोठे कारण मला त्या चौथ्या गोष्टीत दिसते. २०११ मध्येच सोनीने माउंटची मूलभूत माहिती दुसऱ्या लेन्स-कंपन्यांना विनाशुल्क खुली केली. परिणामी सिग्मा, टॅमरॉन, सॅमयांग, व्हिल्ट्रॉक्स यांच्या लेन्सची रांग लागली. २०१८ मध्ये टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ आली तेव्हा लग्नाच्या कामाची मुख्य झूम पहिल्यांदाच साध्या स्टुडिओच्या आवाक्यात आली. एपीएस-सी बॉडीवर सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिलिमीटरच्या एफ १.४ प्राइम हा आजही कमी पैशांत जास्त उजेड देणारा संच आहे. बॉडींचा जिनाही सरळ आहे: झेडव्ही-ई १०, त्यावर एफएक्स ३०, मग एफएक्स ३, मग एफएक्स ६, आणि सगळीकडे तेच माउंट. ‘द क्रिएटर’ हा २०२३ चा हॉलिवूडपट एफएक्स ३ वर चित्रित झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या तरुणांना तोंडपाठ आहे. मात्र त्या चित्रपटामागे किती मोठा चमू, किती दिवे आणि चित्रणानंतर किती काम होते, याचाही विचार करावा.

ई माउंटला उणिवा आहेत. फोकस बदलताना चौकट किंचित आत-बाहेर होते, ती स्थिर करण्याची सोनीची सोय सोनीच्याच लेन्सवर चालते, टॅमरॉन-सिग्मावर नाही. बऱ्याच स्वस्त लेन्सचे फोकसचे कडे विजेवर चालते आणि ते किती वेगाने फिरवले त्यावर फोकस किती सरकेल हे ठरते, त्यामुळे हाताने तीच खूण पुन्हा गाठणे जमत नाही. लग्नात हे जाणवत नाही, कारण तिथे ऑटोफोकस काम करतो. सिनेमात जाणवते. आणखी एक: पंखा नसलेल्या छोट्या बॉडी एप्रिल-मेच्या दुपारी तापतात आणि बंद पडतात. तो दोष माउंटचा नव्हे, पण स्वस्त बॉडी घेताना ध्यानात ठेवायला हवा.

कॅननचे आरएफ माउंट २०१८ चे, अंतर २० मिलिमीटर, व्यास जुन्या ईएफइतकाच ५४. ज्याच्याकडे ईएफच्या चार चांगल्या लेन्स आहेत त्याच्यासाठी हा सर्वांत सोपा रस्ता आहे. कॅननच्याच अडॉप्टरवर त्या लेन्स ऑटोफोकससकट पहिल्यासारख्या चालतात. हीच ईएफ लेन्स सोनी बॉडीवर अडॉप्टरने लावली तर फोटोत चालून जाते, पण व्हिडिओत तिच्या ऑटोफोकसवर भरवसा ठेवण्यासारखे नसते, आणि अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी फोकस शोधत बसणारी लेन्स कुणाला नको. आरएफची अडचण परवानगीची आहे. २०२२ मध्ये कॅननने व्हिल्ट्रॉक्सच्या ऑटोफोकस लेन्सची विक्री थांबवायला लावली. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना दार उघडले, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरते. त्यामुळे फुल फ्रेमवर आरएफ घेणारा मुख्यतः कॅननच्याच किमतींना बांधला जातो. त्यांच्या २४-१०५ एफ २.८ सारख्या लेन्स कार्यक्रमाच्या कामाला उत्तम आहेत, पण त्या लेन्सच्या पैशांत दुसऱ्या माउंटचा जवळजवळ पूर्ण संच उभा राहतो.

निकॉनचे झेड माउंटही २०१८ चेच. १६ मिलिमीटर हे त्याचे अंतर फुल फ्रेममध्ये सर्वांत कमी आणि ५५ हा व्यास सर्वांत मोठ्यांपैकी. १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटमुळे निकॉन आपल्याकडे फोटोवाल्यांचा कॅमेरा होता, व्हिडिओवाल्यांनी तो फारसा धरला नाही. २०२४ मध्ये निकॉनने सिनेमाचे कॅमेरे बनवणारी रेड कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये झेडआर हा लहान सिनेमा कॅमेरा आणला, तेव्हापासून चित्र बदलते आहे. अंतर इतके कमी असल्यामुळे दोन मिलिमीटर जाडीच्या अडॉप्टरने सोनीच्या ई लेन्सही झेड बॉडीवर ऑटोफोकससकट लावता येतात. उलट दिशेने हे जमत नाही. पुढच्या पाच वर्षांत स्वतंत्र सिनेमावाल्यांनी लक्ष ठेवावे असे हे माउंट आहे. अडचण एवढीच की इथल्या स्टुडिओंत त्याच्या लेन्स अजून फारशा दिसत नाहीत. ही अडचण किती मोठी, ते पुढे सांगतो.

लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन एल माउंटची आघाडी जाहीर केली, नंतर त्यात ब्लॅकमॅजिक आणि डीजेआयसुद्धा आले. २०२३ पर्यंत पॅनासॉनिकचा ऑटोफोकस चालत्या नवरा-नवरीच्या मागे धावण्याइतका खात्रीचा नव्हता. एस ५ मार्क २ ने ती तक्रार बरीचशी मिटवली. तिच्यात पंखा आहे, चित्रण अखंड चालते आणि पॅनासॉनिकच्या लेन्सचे फोकसचे कडे किती अंशांत फिरावे हे ठरवता येते, म्हणजे हाताने फोकस ओढणाऱ्याला तीच खूण पुन्हा सापडते. लग्ने कमी आणि माहितीपट जास्त करणाऱ्याला हे माउंट मी मोकळ्या मनाने सुचवतो.

मायक्रो फोर थर्ड्‌स २००८ पासून आहे आणि पॅनासॉनिकच्या जीएच ४, जीएच ५ या बॉडींनी एक पिढी वाढवली. सेन्सरचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या पावपट. नव्याने या माउंटमध्ये शिरू नये असे मला वाटते. पण ज्याच्याकडे जीएच ५ आणि तिची एफ २.८ ची लांब झूम आहे, त्याने ती विकण्याची घाई करू नये. उजेड बऱ्यापैकी असलेल्या सभागृहात, उदाहरणार्थ साखळीच्या रवींद्र भवनातल्या नाटकाला, ती आजही तासन्‌तास बिनतक्रार चालते. फुजीचे एक्स माउंट रंगांसाठी नावाजलेले आहे, बॉडी सुबक आहेत. व्हिडिओच्या धंद्यात मात्र त्याच्या लेन्स मागून मिळणे कठीण.

मोठ्या सिनेमाचे माउंट म्हणजे अरीचे पीएल. अंतर ५२ मिलिमीटर, अडकवण्याची पद्धत भक्कम, लेन्स जड आणि किमती लाखांत. ते विकत घ्यायचे नसते, मुंबईत अंधेरीच्या आसपासच्या भाड्याच्या दुकानांतून आणायचे असते. ती लेन्स आपल्या बॉडीवर लागेल का, एवढेच पाहायचे. लागते, सगळ्याच मिररलेस बॉडींवर साध्या, काच नसलेल्या अडॉप्टरने लागते.

यामागचे गणित एकदा समजले की निम्मी खरेदी सोपी होते. लेन्स तिच्या ठरलेल्या अंतरावर ठेवली तरच दूरचे दृश्य स्पष्ट येते. ईएफचे अंतर ४४ आणि ई चे १८. मधल्या २६ मिलिमीटरची पोकळ नळी लावली की ईएफ लेन्स सोनीवर बसली. पीएल आणि ई यांच्यात ३४ मिलिमीटर जागा उरते. निकॉन एफचे अंतर ४६.५, म्हणून ती लेन्स ईएफ बॉडीवरही अडीच मिलिमीटरच्या पट्टीने बसते. पण आरएफ लेन्स सोनीवर बसत नाही, कारण तिला सेन्सरपासून वीसच मिलिमीटर हवेत आणि उरलेल्या दोन मिलिमीटरच्या फटीत आरएफचे रुंद कडे सोनीच्या अरुंद कड्यात मावत नाही; झेडवर ई लेन्स जमते ती झेडचे कडे रुंद असल्यामुळे. यावरून एक नियम निघतो आणि माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा तोच आहे: बॉडी आखूड अंतराच्या माउंटची घ्यावी, ऑटोफोकसच्या लेन्स त्याच माउंटच्या घ्याव्यात, आणि हाताने फोकस करायच्या सिनेमाच्या लेन्स मात्र लांब अंतराच्या माउंटमध्ये, म्हणजे ईएफ किंवा पीएलमध्ये, घ्याव्यात. उद्या सोनी सोडून निकॉनकडे किंवा एल माउंटकडे जायचे झाले तर हा दुसरा संच एका अडॉप्टरच्या खर्चात बरोबर येतो. ई माउंटमध्येच घेतलेली हातची लेन्स फार तर झेड बॉडीवर जाईल, आरएफ किंवा एलवर नाही.

अडॉप्टर स्वस्तातला घेऊ नये. त्याची जाडी थोडी जरी चुकली तरी रुंद लेन्सचा फोकस दूरवर लागत नाही, आणि लांब लेन्सवर ते कळतही नाही. मग दोष लेन्सला दिला जातो. सैल अडॉप्टरवर फोकस ओढताना चित्र हलते.

जुन्या हातच्या लेन्सना स्वतंत्र सिनेमात खरी किंमत आहे. आखातात नोकरी करून आलेल्यांच्या घरी निकॉन किंवा पेंटॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्याबरोबरच्या ५० मिलिमीटर लेन्स अजून सापडतात. एम ४२ आट्याच्या सोव्हिएत हेलिओस ४४ वर कितीतरी छायाचित्रकार जीव टाकतात. या लेन्सचे कडे यांत्रिक असते, खूण पक्की राहते. निकॉनचे कडे मात्र सिनेमाच्या लेन्सच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे संच मिश्र करू नये. फोकस ओढणाऱ्या मुलाचा हात ऐनवेळी चुकतो.

गोव्यात चित्रपट करणाऱ्याला कमी साधनांची सवय आहेच. मोरजीच्या लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा ‘पलतडचो मुनीस’ २००९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार घेऊन आला. मोरजी पेडणे तालुक्यातले गाव. बार्डरॉय बार्रेटो यांच्या ‘नाचूंया कुंपासार’ने नेहमीच्या वितरणाची वाट न पाहता सभागृहांमधून प्रेक्षक गाठला. आसामात रिमा दास यांनी स्वतःच डीएसएलआर हातात धरून, चमू नसताना, गावातल्या मुलांना घेऊन ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला आणि तो २०१८ मध्ये ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवला गेला. २००४ पासून इफ्फी पणजीत भरतो, म्हणजे जगभरचे स्वतंत्र सिनेमे पाहायला आपल्या तरुणांना तासाभराचा प्रवास पुरतो. पडद्यावर ते पाहताना कॅमेऱ्याचे नाव कुणी विचारत नाही. पण दिग्दर्शकाला हवी तेवढी रात्र, हवा तेवढा चेहरा त्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो, आणि तिथे लेन्सची निवड दिसते.

आता ती राहिलेली अडचण. आपल्याकडचा व्हिडिओचा धंदा उसनवारीवर चालतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. एका मुहूर्तावर तीन लग्ने आली की एकाची ७०-२०० दुसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडून बॅटऱ्या आणि चार्जर येतात. रात्री अकराला मांडावर लेन्स पडली तर दुकान उघडे नसते. शेजारच्या गावातला मित्र उपयोगी पडतो, पण त्याची लेन्स आपल्या बॉडीवर बसली तरच. मुंबईतली बोरा बाजारची दुकाने रात्रभराच्या प्रवासावर आहेत, मोठी दुरुस्तीही बहुधा बाहेरगावीच पाठवावी लागते. म्हणून पेडण्यातल्या माणसाने माउंट निवडताना परीक्षणे वाचण्याआधी म्हापसा, डिचोली, सावंतवाडी आणि दोडामार्ग इथल्या आपल्या ओळखीच्या दहा जणांकडे काय आहे ते विचारावे. गेली काही वर्षे मला या भागात उत्तर बहुतेक वेळा सोनी असेच ऐकू येते. उत्कृष्ट पण एकाकी माउंट इथे महागात पडते.

हवामानानेही काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या प्रदेशात बुरशी ही लेन्सची मोठी शत्रू. किनाऱ्यावर खारा वारा माउंटच्या टिकल्या काळवंडतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवर तांबडी धूळ हवेत तरंगत असते, आणि मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो. लग्नाच्या धावपळीत प्राइमवर प्राइम बदलण्यापेक्षा एक झूम आणि एक प्राइम दोन बॉडींवर लावून ठेवणे शहाणपणाचे, आणि दोन बॉडी एकाच माउंटच्या असल्या तरच ते सोयीचे. कड्याभोवती रबराची गोल पट्टी असलेली लेन्स घ्यावी. साध्या अडॉप्टरला ती नसते, म्हणून किनाऱ्यावर तसा अडॉप्टर टाळावा. पावसाळ्यात लेन्स चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवाव्यात. कपाट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि ते जेल वरचेवर तापवून कोरडे करणे. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नये. आठवड्यातून एकदा प्रत्येक लेन्स बाहेर काढून वापरावी.

माझा निर्णय असा. ज्याच्याकडे आज काहीच नाही आणि ज्याचे घर लग्नांवर चालते, त्याने ई माउंट घ्यावे: पंखा असलेली एपीएस-सी बॉडी, एक एफ २.८ झूम, एक एफ १.४ प्राइम, आणि लांब झूम सुरुवातीला भाड्याने. पुढे फुल फ्रेमवर जाण्याचा पक्का बेत असेल तर झूम फुल फ्रेमची घ्यावी, नाहीतर ती पुन्हा घ्यावी लागेल. ज्याच्याकडे ईएफच्या लेन्स चांगल्या स्थितीत आहेत त्याने आरएफ बॉडी घ्यावी, लेन्स विकू नयेत. जुन्या बाजारात त्यांचा भाव उतरत चालला आहे. लग्नांपेक्षा माहितीपट आणि लोककलांचे दस्तावेजीकरण ज्याला महत्त्वाचे आहे त्याने एल माउंट पाहावे. सिनेमाच करायचा आणि थोडे थांबण्याची तयारी आहे त्याने झेडवर नजर ठेवावी. यांपैकी कुठलीही वाट धरली तरी हातच्या लेन्स ईएफमध्ये.

आणि पैसे मोजण्याआधी, येत्या हंगामात कुठल्याही एका दहीकाल्याला पसंतीची बॉडी आणि दोन लेन्स एका रात्रीपुरत्या भाड्याने न्या. संकासुरापासून पहाटेपर्यंत सगळे चित्रण करा, घरी मोठ्या पडद्यावर पाहा आणि मगच दुकानात जा.